नदीकाठच्या कार्यकर्त्याला द्यावी अशी पेटी

सप्टेंबरचा चौथा रविवार म्हणजे जागतिक नदी दिन. त्या आठवड्यात गावोगावी नदीसाठी झटणाऱ्या माणसांचे सत्कार होतात. शाल, श्रीफळ, काचेचं सन्मानचिन्ह, चार गौरवाचे शब्द. हे व्हायलाच हवं. राजस्थानातल्या अरवरी नदीकाठच्या गावकऱ्यांना सोबत घेऊन नदी पुन्हा वाहती करणाऱ्या राजेंद्र सिंह यांना 2001 साली मॅगसेसे आणि 2015 साली स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. वर्सोव्याचा किनारा साफ करायला उतरलेल्या अफरोज शाह यांना 2016 साली संयुक्त राष्ट्रांनी गौरवलं. अशा वेळी त्यांच्या मागच्या शेकडो अनाम हातांचाही मान होतो. पण नाल्याच्या तोंडाशी पहाटे उभं राहून ‘काल रात्री पुन्हा सोडलं’ असं सांगणाऱ्या माणसाला सत्कारानंतर घरी नेण्यासारखं काय मिळतं? त्याला खरी गरज असते आकड्याची. ‘पाणी घाण झालंय’ ही तक्रार सहज बाजूला सारता येते. ‘पाण्यातला प्राणवायू पुलाच्या वर 6.2, नाल्याच्या खाली 1.8, वेळ पहाटे पावणेसहा’ अशी सलग वर्षभराची नोंद बाजूला सारणं जड जातं.

म्हणून हा आढावा पाणी तपासणीच्या पेटीचा. हातात धरून नेता येणारी, प्लॅस्टिकच्या डब्यात रसायनांच्या कुप्या, रंगांचं कार्ड आणि काचेच्या नळ्या असलेली, काही हजारांत मिळणारी पेटी. अशा अनेक पेट्या बाजारात आहेत आणि त्यांचे गुणदोष बरेचसे सारखे आहेत, म्हणून एका कंपनीचं नाव न घेता प्रकाराबद्दलच लिहितो आहोत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 311 प्रदूषित नदीपट्टे होते आणि त्यातले सर्वाधिक, 55, महाराष्ट्रात. ‘चला जाणूया नदीला’ हे राज्याचं अभियान 2 ऑक्टोबर 2022 रोजी सेवाग्रामहून 75 नद्यांसाठी सुरू झालं. माणसं तयार आहेत, नद्याही ठरलेल्या आहेत. कमी पडतं ते मोजमाप.

पहिली गोष्ट, आणि हीच सर्वांत जास्त चुकते: पिण्याच्या पाण्याची पेटी नदीसाठी घेऊ नका. जलजीवन मिशनमधून गावांना फील्ड टेस्ट किट मिळाली आहेत, गावातल्या पाच महिलांना ती वापरायचं प्रशिक्षण देण्याची सोयही त्यात आहे. विहीर, बोअर आणि नळासाठी ती उत्तम. तिच्यात फ्लोराइड, लोह, कठीणपणा, उरलेलं क्लोरीन, नायट्रेट, क्लोराइड हे सगळं असतं. पण शहराचं मैलापाणी नदीत मिसळतं तेव्हा फ्लोराइड बदलत नाही, कठीणपणा फारसा बदलत नाही. बदलतो तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू, आणि तोच मोजायची सोय त्या पेटीत बहुधा नसते. नदीसाठी पेटी घेताना पहिला प्रश्न एकच विचारा: डीओ, म्हणजे विरघळलेल्या प्राणवायूची चाचणी, आहे का? नसेल तर पुढचं बोलणं नको.

डीओची चाचणी ही या पेटीचा जीव आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनतज्ज्ञाने 1888 साली बसवलेली ही पद्धत आजही टिकून आहे, कारण तिला बॅटरी लागत नाही आणि ती नीट केली तर महागड्या मीटरच्या तोडीचं उत्तर देते. लहान पेटीत साधारण 60 मिलिलिटरची काचेच्या बुचाची बाटली असते. ती प्रवाहाच्या उलट दिशेला तोंड करून, पृष्ठभागाच्या हातभर खाली, तिरकी धरून हळूहळू भरायची. गुडगुड आवाज आला की हवा शिरली, ती बाटली रिकामी करून पुन्हा भरायची. पाण्याखालीच बूच लावायचं आणि बाहेर काढून उलटी करून पाहायची. ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा दिसला तरी नमुना बाद.

मग मॅंगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड यांचे सांगितलेले थेंब, बऱ्याच लहान पेट्यांत आठ-आठ. बूच लावून दहा-पंधरा वेळा उलटसुलट करायचं. तपकिरी साका धरला तर प्राणवायू आहे. पांढराशुभ्र साका धरला तर पाण्यात प्राणवायू उरलेलाच नाही, आणि तिथे पुढची चाचणी न करताही उत्तर मिळालेलं असतं. साका अर्ध्या बाटलीपर्यंत बसू द्या, पुन्हा हलवा, पुन्हा बसू द्या. घाईत ही दुसरी बैठक गाळली की आकडा कमी येतो. त्यानंतर आम्ल. साका विरघळून पाणी स्वच्छ पिवळं ते तांबूस होतं. तळाशी तपकिरी कण दिसत असतील तर आणखी एक-दोन थेंब आम्ल. इथे नमुना ‘पक्का’ होतो. अंधारात ठेवला तर सात-आठ तास तो टिकतो. म्हणजे पहाटे नदीवर पक्का करायचा आणि उजाडल्यावर घरी, टेबलावर, पांढऱ्या कागदापुढे मोजायचा. अंधुक उजेडात थरथरत्या हातांनी नदीकाठीच थेंब मोजत बसण्याची गरज नाही. पेटीसोबतच्या माहितीपत्रकांत ही सवलत क्वचितच लिहिलेली असते, आणि कार्यकर्त्याच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची आहे.

घरी मोजायचं ते सोडियम थायोसल्फेटने, म्हणजे फोटोग्राफीतल्या जुन्या हायपोने. बऱ्याच पेट्यांत 20 मिलिलिटर नमुना आणि थेट ‘लिटरला मिलिग्रॅम’ आकडे छापलेली सिरिंज येते. रंग फिकट गवती होईपर्यंत थेंब सोडायचे, मग स्टार्च घालायचा, पाणी गर्द निळं होतं, आणि पुढे एका थेंबाला निळा रंग जातो. तिथेच थांबायचं. थोड्या वेळाने निळसर झाक परत येते, तिकडे लक्ष देऊ नका. स्टार्च सुरुवातीलाच घातला तर रंग चिवटपणे राहतो आणि आकडा फुगतो.

आता या पेटीतला सर्वांत धोकादायक दोष. हायपो जुना होतो, उन्हात ठेवलेल्या गाडीत तर लवकरच. जुना झाला की तो कमजोर पडतो, जास्त थेंब लागतात, आणि आकडा वाढीव येतो. म्हणजे खराब रसायन नदीला आहे त्यापेक्षा चांगली दाखवतं. कार्यकर्त्याच्या वहीतल्या चुका अशा दिशेने होत असतील तर ती वही समोरच्याच्याच कामाची. यावर उपाय सोपा आहे आणि दर महिन्याला करायला हवा: स्वच्छ पाणी दोन बादल्यांत पंचवीस-तीस वेळा उंचावरून ओतून हवेने भरून घ्या, तापमान घ्या आणि त्याचा डीओ मोजा. समुद्रसपाटीला 25 अंशांवर तो 8.2 ते 8.3 यायला हवा, 30 अंशांवर सुमारे 7.5. पुणे साडेपाचशे मीटरहून उंचावर असल्याने तिथे हेच आकडे सुमारे 7.7 आणि 7 असे उतरतात. तुमची पेटी यापेक्षा एकाने जास्त दाखवत असेल तर हायपो फेकायची वेळ झाली. स्टार्चलाही बुरशी धरते. तो मात्र घरी होतो: अर्धा चमचा कॉर्नफ्लॉर थोड्या थंड पाण्यात कालवून कपभर उकळत्या पाण्यात सोडायचा, निवल्यावर फक्त वरची निवळी वापरायची. दोन दिवसांनी नवा करायचा.

काळ्या, सडक्या अंड्याच्या वासाच्या नाल्यात ही चाचणी फसते. त्यातला सल्फाइड आयोडीन खाऊन टाकतो. तसंही, ज्या पाण्याला तो वास येतो तिथे प्राणवायू मोजायला पेटी लागत नाही. वास, रंग आणि वेळ लिहा, आणि बाटली नाल्याच्या वर व खाली, नदीत भरा.

वेळेबद्दल. बहुतेक गट रविवारी सकाळी दहाला जमतात. त्या वेळी ऊन चढलेलं असतं, शेवाळ प्राणवायू सोडत असतं, आणि हिरव्यागार, सांडपाण्याने पोसलेल्या डोहातही डीओ आठ-नऊ दाखवतो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढतं आणि सूर्य उगवायच्या आधी आकडा तळाला जातो. मासे पहाटे मरतात, ते उगाच नाही. म्हणून नियम एकच धरा: महिन्यातून एकदा का होईना, सूर्योदयाच्या आधी अर्धा तास. त्याच जागी दुपारी तीनला पुन्हा. दोन आकड्यांतला फरक चारच्या वर गेला तर नदीत खत जास्त झालंय हे कुठल्याही फॉस्फेट-चाचणीपेक्षा स्पष्ट कळतं. जलपर्णीने झाकलेल्या पाण्यात मात्र दुपारचा फुगवटा दिसत नाही. पाने हवेत श्वास घेतात, खाली पाणी उजेडाविना राहतं, आणि आकडा दिवसभर खालीच राहतो.

आकडे कशाशी ताडून पाहायचे तेही पेटीच्या झाकणात चिकटवून ठेवा. केंद्रीय मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्याला डीओ किमान 5, बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा प्राणवायू वापरतात तो) कमाल 3, दोन्ही लिटरला मिलिग्रॅममध्ये, आणि पीएच 6.5 ते 8.5. मासे आणि वन्यजीवांसाठी डीओ किमान 4. प्रक्रियेविना, फक्त निर्जंतुक करून पिण्याजोग्या स्रोतासाठी डीओ किमान 6 आणि बीओडी कमाल 2.

बीओडी पेटीत नसतो, पण डीओची बाटली असली की त्याचा अंदाज घरी काढता येतो, आणि हे आमच्या मते या पेटीचं लपलेलं मोल आहे. प्रयोगशाळेतली भारतीय पद्धत 27 अंशांवर तीन दिवसांची आहे. आपल्याकडच्या बंद खोलीचं तापमान वर्षातले बरेच महिने त्याच्या आसपासच असतं. एकाच पाण्याच्या दोन बाटल्या भरा. एकीचा डीओ लगेच मोजा, दुसरी काळ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवा, तीन दिवसांनी मोजा. फरक म्हणजे अंदाजे बीओडी. दुसरी शून्यावर आली तर पाणी फार घाण आहे, मग एक भाग नदीचं पाणी आणि नऊ भाग हवा भरलेलं स्वच्छ पाणी असं करून पुन्हा मांडा आणि येणारा फरक दहाने गुणा. दुसऱ्या बाटलीत किमान 1 उरलेला आणि एकूण फरक किमान 2 असेल तरच आकडा धरावा. पातळ करायला नळाचं ताजं पाणी वापरू नका. त्यातलं क्लोरीन जिवाणू मारतं आणि घाण पाणी स्वच्छ ठरतं. हा अंदाज प्रयोगशाळेच्या अहवालाची जागा घेत नाही. पण प्रयोगशाळेची फी कुठल्या नमुन्यावर खर्च करायची हे तो नेमकं सांगतो.

बाकीच्या चाचण्या झटपट. पीएचचे थेंब चांगले, कागदी पट्ट्या नदीसाठी फार ढोबळ. टीडीएस पेन, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण दाखवणारा पेन, अत्यंत उपयोगी आहे, त्याच्या आकड्यापेक्षा त्यातल्या उडीसाठी. नदीत चालत जात दर पन्नास पावलांवर पेन बुडवत गेलात आणि आकडा एकदम वाढला तर तिथे कुठून तरी काही मिसळतंय, पाण्याखालून असलं तरी. पेन तपासायला 745.6 मिलिग्रॅम पोटॅशियम क्लोराइड एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात घातलं की 25 अंशांवर विद्युतवाहकता सेंटिमीटरला 1413 मायक्रोसीमेन्स यायला हवी. शाळेच्या प्रयोगशाळेत हे सहज करून मिळतं. नायट्रेटच्या रंगांत मात्र आमचा फारसा विश्वास नाही, दोन माणसं तीन उत्तरं देतात.

अमोनियाची चाचणी ताज्या मैलापाण्याचा माग काढते आणि ती हवीच. बऱ्याच पेट्यांत ती नेसलर द्रावणाने होते आणि नेसलरमध्ये पारा असतो. माहितीपत्रकावर हे बारीक अक्षरांत असतं किंवा नसतंच. नदी वाचवायला गेलेल्या माणसाने पाऱ्याचं पाणी नदीकाठच्या दगडावर ओतावं यासारखं वाईट काही नाही. क्लोराइडच्या चाचणीतला पिवळा क्रोमेटही तसाच विषारी. पेटी निवडताना सॅलिसिलेट पद्धतीची अमोनिया-चाचणी मिळत असेल तर थोडे जास्त पैसे मोजून तीच घ्या.

मैल्यातल्या जिवाणूंसाठी एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) कुपी. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांनी 1982 साली प्रसिद्ध केलेली ही भारतीय देणगी आता जगभर वापरली जाते. कुपीत पाणी भरून ठेवायचं, 24 ते 48 तासांत काळं पडलं तर मैला आहे. पिण्याच्या पाण्याला हे ‘आहे की नाही’ पुरतं. नदीचं पाणी मात्र जवळपास नेहमीच काळं पडतं, म्हणून कार्यकर्ते वैतागून कुपी टाकून देतात. नदीसाठी ती पातळ करून वापरा: 20 मिलिलिटरच्या कुपीत 1 मिलिलिटर नदीचं आणि 19 मिलिलिटर उकळून निवलेलं पाणी. दुसऱ्या कुपीत त्याच्याही दहापट पातळ. नाल्याच्या वरची आणि खालची कुपी शेजारी ठेवा आणि किती तासांत कोणती काळी पडली ते लिहा. तळाचा गाळ कुपीत जाऊ देऊ नका. गाळातले काही जिवाणू मैल्याशिवायही काळं करतात. काळ्या पडलेल्या कुपीत ब्लीचिंग पावडर घालून तासभर ठेवल्याशिवाय ती धुऊ नका. आणि आंघोळीच्या घाटासाठी मैल्याच्या कोलिफॉर्म जिवाणूंची जी 500 ते 2500 ची मर्यादा आहे, तिच्याबद्दल कुपीवरून कुणी बोलू नये. ते काम प्रयोगशाळेचं.

खाडी आणि किनाऱ्यासाठी ही पेटी अर्धीच चालते, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग किंवा गोव्यातल्या गटांनी हे आधी जाणून घ्यावं. टीडीएस पेन मर्यादेबाहेर जातो, क्लोराइडला अर्थ उरत नाही, नेसलर गढूळ होतं. डीओ मात्र खाऱ्या पाण्यातही नीट मोजला जातो. फक्त हवेने पूर्ण भरलेल्या समुद्राच्या पाण्याचाच आकडा 25 अंशांवर पावणेसातच्या आसपास असतो, त्यामुळे 6 दिसल्यावर घाबरू नये. भरतीच्या पाण्यात खाडी नेहमीच चांगली दिसते. बाटली ओहोटी संपता संपता, कोकणात जिला सुकती म्हणतात तिच्या शेवटी भरा, आणि वहीत उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती) तेही लिहा.

पेटीत बहुधा नसणारी पण घालावी अशी वस्तू म्हणजे बारीक जाळी आणि पांढरं ताट. प्रवाहातला दगड उचलून ताटात धुवा. शेपटीला तीन बारीक तंतू असलेल्या मेफ्लायच्या अळ्या, चतुरांची पिल्लं, दगडाला घर चिकटवून राहणाऱ्या अळ्या दिसल्या तर गेले काही महिने नदीत प्राणवायू टिकून आहे. फक्त लाल, वळवळणाऱ्या अळ्या असतील तर नाही. बाटली त्या क्षणाचं सांगते, दगड मागच्या महिन्यांचं. रात्री चोरून सोडलेलं पाणी सकाळपर्यंत वाहून गेलं तरी दगडाखालचं ते लपवता येत नाही.

कायद्याच्या बाजूने या पेटीची किंमत किती, हेही स्पष्ट सांगायला हवं. 1974 च्या जल कायद्याच्या कलम 21 नुसार कारखान्याच्या सांडपाण्याचा पुराव्यात ग्राह्य नमुना म्हणजे मंडळाच्या अधिकाऱ्याने, सूचना देऊन, दोन भाग करून, सीलबंद घेतलेला. पेटीतला आकडा तिथे पुरावा नाही. पण अधिकाऱ्याला कोणत्या पुलाखाली, कोणत्या वारी, किती वाजता बोलवायचं हे पेटीच सांगते. कलम 49 खाली सामान्य नागरिकालाही 60 दिवसांची नोटीस देऊन तक्रार करता येते, आणि हरित न्यायाधिकरणात त्याच्या स्वतंत्र कायद्याच्या कलम 14 खाली दाद मागायची मुदत कारण घडल्यापासून सहा महिन्यांची आहे. तारीखवार वही नसेल तर ‘कधीपासून’ या पहिल्याच प्रश्नाला माणूस अडखळतो. वहीच्या प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, जागा, पाण्याचं आणि हवेचं तापमान, गेल्या 24 तासांतला पाऊस, रसायनाचा बॅच क्रमांक आणि आकडा वाचणाऱ्या दोघांच्या सह्या असाव्यात. रंग दोघांनी वेगवेगळा वाचायचा आणि मग जुळवायचा. रंगांचं कार्ड उन्हात फिकं पडतं, म्हणून ते कायम डब्याच्या आत.

घ्यावी का? घ्यावी. पैसे मोजकेच असतील तर पूर्ण पेटी घेण्यापेक्षा डीओचा संच, थर्मामीटर, टीडीएस पेन, दहा-वीस एचटूएस कुप्या आणि जाळी-ताट एवढंच वेगवेगळं घ्या. नदीसाठी पूर्ण पेटीपेक्षा हा जोड जास्त कामाचा आहे. सत्काराला देत असाल तर नुसती पेटी देऊन थांबू नका. बहुतेक रसायनांची मुदत साधारण वर्षाची असते, त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या भरणीचे पैसे आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतल्या चार नमुन्यांची फी त्याच पाकिटात घाला. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना झाकणारा संरक्षक चष्मा सोबत द्या. अल्कली आणि आम्ल दोन्ही कातडी भाजतात, आणि अझाइड पोटात गेलं तर विष आहे. आणि एक जाड प्लॅस्टिकची, घट्ट झाकणाची, दोन लिटरची रिकामी बाटली, जिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘चाचणीचं पाणी, ओतू नये’ लिहिलेलं असेल. पाऱ्याच्या आणि क्रोमेटच्या पाण्यासाठी तशीच दुसरी. भरल्या की त्या जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात द्यायच्या, तिथे घातक कचरा वेगळा गोळा होतो की नाही हे पेटी देण्याआधीच विचारून ठेवा.